खिद्रापूरला पहिल्यांदा जाताय? मग एवढं करा

कोपेश्वराला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या जुन्या शिवमंदिराला जायचं ठरवलंत, छान केलंत. फक्त नृसिंहवाडी करून येता येता अर्धा तास, असं नको. सकाळ मोकळी ठेवा. पावसाळ्यात कृष्णेला पूर असतो, तेव्हा टाळाच.

आत जायची घाई करू नका. शिवमंदिर असूनही समोर नंदी नाही, हे आधी बघा. गावात कुणा जाणत्या माणसाला कारण विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, परत आली नाही. शंकर कोपले, म्हणून कोपेश्वर. त्यांची समजूत काढायला विष्णू आले, ते धोपेश्वर. म्हणूनच गाभाऱ्यात दोघंही आहेत. नंदी मात्र पलीकडे, कर्नाटकातल्या यडूरला. ही कथा तिथंच, त्या दगडांजवळ ऐकावी. फोनवर वाचून तिची गोडी कळत नाही.

मग स्वर्गमंडप, म्हणजे मंदिराचा पुढचा खुला मंडप. 48 खांब, आणि छताला मधोमध गोल मोकळं आकाश. बरोबर त्याखाली तेवढीच गोल शिळा आहे. कडेच्या खांबांवर वरच्या बाजूला दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, आपापल्या वाहनांवर दिसतील, मान दुखेपर्यंत बघा. खाली मंदिर पेलणारे हत्ती आहेत. शिलाहार राजांच्या काळातलं, 12 व्या शतकातलं हे काम. दक्षिणेकडे यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे. त्याला हात लावू नका, खडू तर मुळीच नको.

गावातलं जैन मंदिरही बघा, बरेच जण ते चुकवतात.