विश्वास आहे तरी मरणाची भीती वाटते, मग?

आजारपणात माझ्याकडे बोलायला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपैकी बरेच जण कधी ना कधी हे विचारतातच, आणि विचारताना आवाज एकदम खाली जातो, चोरी पकडल्यासारखा. आयुष्यभर चर्चला गेलो, पुनरुत्थान, म्हणजे मेलेले पुन्हा उठणार हे, मानतो, मग आता मरणाची एवढी धास्ती का? विश्वास खोटाच होता का?

एका बाईंची गोष्ट सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय). रिटायर्ड शिक्षिका, साठी ओलांडलेली, फुफ्फुसाचा कॅन्सर, पसरलेला. पहिल्या दिवशी मुलीला बाहेर बसवलं, मांडीवर हॉस्पिटलची फाईल आणि तिच्यावर बायबल, आणि बोलताना दोन्हीच्या कडा परत परत जुळवत होत्या. म्हणाल्या, "मंडळीतले येतात, विश्वास ठेवा म्हणतात, मी हसून आमेन म्हणते आणि ते गेले की बाथरूममध्ये नळ सोडून रडते."

मी लगेच वचनं काढली नाहीत. सुरुवातीला मी तेच करायचे, पेशंट मान डोलवायचे आणि परत यायचेच नाहीत. मी एवढंच विचारलं, की नक्की कशाची भीती वाटते? बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "रात्री श्वास अडकतो. असाच अडकून जाणार का मी?"

आता ही भीती विश्वासाच्या खात्यातली नाहीच, ही श्वासाची आहे! धाप कमी करायला थोड्या डोसमध्ये मॉर्फिन देतात, चेहऱ्यावर वारा घेतला तरी बऱ्याच जणांना हलकं वाटतं, पण हे डॉक्टरांना विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं, कारण त्या ते पाप समजून कबूल करत बसल्या होत्या. पॅलिएटिव्हच्या, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांशी बोलणं झालं, औषध बदललं, आणि पुढच्या वेळी पर्समधून हातात मावणारा छोटा पंखा काढून दाखवला, लहान मुलाने खेळणं दाखवावं तसा.

पण म्हणून संपलं नाही. रडण्याचा अपराधीपणा होताच. मग आम्ही बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय उघडला. आपला मित्र लाजर मेलाय हे येशूला माहीत आहे, मी त्याला उठवायला जातोय हे तो शिष्यांना आधीच सांगून बसलाय, आणि तरी कबरेपाशी पोचायच्या आधी रडतो. ३५वं वचन, "येशू रडला." बाई म्हणाल्या, हे मी मुलांकडून पाठ करून घ्यायचे, छोटं आहे म्हणून! मी म्हटलं, पाच-दहा मिनिटांत लाजर बाहेर येणार हे ज्याला ठाऊक होतं तो रडला, तर तुम्हाला नळ कशाला सोडावा लागतो? प्रेषित पौलानेसुद्धा थेस्सलनीकाच्या मंडळीला पाठवलेल्या पत्रात रडू नका असं लिहिलेलं नाही, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं लिहिलंय, पण सांत्वनाला येणारे नेमके 'आशा नसलेल्यांसारखा' हेच शब्द गाळतात. (माझं स्पष्ट मत, आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनी आधी ८८वं स्तोत्र वाचून जावं, ते शेवटपर्यंत अंधारातच आहे आणि तरी बायबलात आहे.)

एकदा वैतागून म्हणाल्या, "सुटले एकदा या शरीरातून की बरं." छातीवर केमोचा पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली ठेवतात ती छोटी डबी) बसवलेला, त्याचा उंचवटा आणि टाक्यांचा वण त्यांना अजिबात आवडायचा नाही. मी विचारलं, बाई, दर रविवारी मतांगिकारात, चर्चमध्ये सगळे मिळून विश्वास बोलून दाखवतात त्यात, काय म्हणता? थांबल्या. "शरीराचे पुनरुत्थान." उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, थोमा या शिष्याला दाखवले त्याने, आणि लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो की त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. म्हणजे आशा शरीर टाकून पळायची नाहीये, तेच शरीर देव नव्याने उठवणार अशी आहे. बाईंनी पोर्टवर बोट ठेवलं, "मग हापण येणार की काय बरोबर?" आणि दोघी इतक्या हसलो की मुलगी दार उघडून बघायला आली.

सगळ्यात खालची भीती शेवटी निघाली. "आणि तिकडे कोणी नसलंच तर?" यावर मी वाद घातला नाही, पुरावे दिले नाहीत, ते माझं कामही नाही. मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, दोन्ही एकाच दमात, आणि येशू त्याला परत पाठवत नाही, मुलाला बरं करतो. ती ओळ बाईंनी कागदावर लिहून फाईलमध्ये ठेवली, रिपोर्टच्या वर.

त्या गेल्या त्यानंतर काही आठवड्यांनी मुलगी आली. तिला तोच प्रश्न, आईला शेवटपर्यंत भीती वाटत होती, म्हणजे शांती मिळाली नाही का तिला? मी विचारलं, त्या रात्री आई काय म्हणाली?

"म्हणाली, भीती वाटतेय गं, लाईट बंद करू नको. पंखा तोंडावर धर. आणि २३वं स्तोत्र वाच, पण हळू वाच, मला बरोबर म्हणायचंय."