फ्रेंच स्केलेटन क्लॉकच्या (म्हणजे आतली यंत्रणा उघडी दिसणाऱ्या घड्याळाच्या) डायलवर बारीक अक्षरात 'कोतो' लिहिलंय, म्हणजे घड्याळ त्यानेच बनवलं का?

नाही, जोसेफ कोतो (१७४०-१८०१) हा घड्याळजी नव्हताच, तो पॅरिसमधला एनॅमलवाला (धातूवर काचेसारखा रंगीत थर भाजून चढवणारा), म्हणजे त्याने फक्त डायल रंगवली. तेव्हा पॅरिसमध्ये एका घड्याळावर अनेक कारागीर काम करायचे, मशीन एकाचं, स्प्रिंग दुसऱ्याची, डायल तिसऱ्याची, आणि कोतोने रोबेर रोबँसारख्या बऱ्याच बड्या घड्याळजींना डायली करून दिल्यात, त्यामुळे त्याची सही सापडली की चांगलं काम आहे एवढं कळतं, मेकर कोण ते नाही. मेकरचं नाव बहुतेक डायलवरच जरा ठळक असतं, ते बघा. मेन स्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) काढली तर तिच्यावर कधीकधी स्प्रिंगवाल्याची सही आणि साल कोरलेलं मिळतं (हे जाणकाराकडूनच करून घ्या, स्वतः उघडू नका, स्प्रिंग सुटली तर हात फाटेल). डायलवर व्हाँदेमिएर, ब्रुमेर असे महिने दिसले तर ते फ्रेंच क्रांतीनंतरचं कॅलेंडर, ते १७९३ ते १८०५ एवढंच चाललं, म्हणजे काळ जवळपास फिक्स. फक्त एक, ठळक नाव असलं तरी तो नुसता विकणारा असू शकतो, आणि डायल नंतर बदललेली असेल तर हा सगळा हिशोब चुकतो.