उडी न मारता उलटे होता येत नसेल, तर आधी सावकाश उतरायला शिका

तुम्ही लिहिले आहे की वयाच्या ३४व्या वर्षी पोल डान्स शिकायला सुरुवात केली, आठ महिने आठवड्यातून दोन वर्ग न चुकता करता, तरीही जमिनीवरून उडी घेतल्याशिवाय पोलवर उलटे होता येत नाही. तुमच्यानंतर आलेल्या दोघीजणी पुढच्या वर्गात गेल्या आहेत आणि हल्ली उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले आहे. अशा वेळी वर्ग वाढवावेत की वेगळी ताकद कमवावी, हा तुमचा प्रश्न आहे. मी गेली नऊ वर्षे पोल करते आणि त्यांतली शेवटची चार वर्षे नवशिक्यांना शिकवते. तुमच्या प्रश्नातली अडचण मी स्वतः सोसलेली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. वर्ग वाढवू नका आणि उडी तूर्त पूर्णपणे बंद करा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उडी बंद करण्याचे कारण नीट समजून घ्या. इन्व्हर्ट करताना, म्हणजे पोलवर उलटे होताना, सगळ्यांत अवघड टप्पा पाय जमिनीवरून सुटल्यापासून कंबर खांद्यांच्या उंचीला येईपर्यंतचा असतो. एकदा कंबर खांद्यांच्या वर गेली की शरीराचा तोल उलटतो आणि पुढचे काम हलके होते. उडी मारली की नेमका हाच अवघड टप्पा शरीर वेगाच्या बळावर ओलांडून जाते, म्हणजे ज्या ठिकाणी स्नायूंवर भार यायला हवा तिथे तो कधी येतच नाही. आठ महिन्यांत तुम्ही शेकडो वेळा उलट्या झाल्या असाल, पण त्या टप्प्यापुरता तुमचा सराव जवळजवळ शून्य आहे. यात तुमचा आळस नाही की कमकुवतपणा नाही. जे केले त्याचीच ताकद आली आणि जे टाळले गेले त्याची आली नाही, इतकेच.

स्नायू जितके वजन उचलू शकतो, त्यापेक्षा जास्त वजन तो सावकाश खाली सोडू शकतो. म्हणून जिला वर जाता येत नाही तिलाही खाली येण्याचा सराव आजपासून करता येतो. आधी एखाद्या भक्कम स्टुलावर उभे राहून किंवा शिक्षिकेच्या आधाराने उलटे व्हा, पोल बगलेला आणि कमरेला लागून असू द्या, कोपर वाकलेले आणि बरगड्यांजवळ ठेवा, गुडघे छातीशी घ्या, आणि मग पाच आकडे मोजत पाय जमिनीवर आणा. आकडे मनात मोजू नका, मोठ्याने मोजा, कारण मोठ्याने मोजताना श्वास रोखून धरता येत नाही. मला हे पहिल्यांदा करायला लावले तेव्हा 'दोन' म्हणेपर्यंत माझे पाय चटईवर धपकन आदळले होते, आणि तो आवाज मला पुढचे कितीतरी दिवस ऐकू येत राहिला. साधारण सात आठवड्यांनी, सरावाच्या शेवटी, उतरून परत वर जाण्यासाठी उडी घ्यायला म्हणून गुडघे वाकवले, आणि पाय उडी न घेताच वर गेले. जमिनीवरून ते कधी सुटले हे कळलेच नाही. खाली येताना चटईवर आवाज झाला नाही, एवढे मात्र चांगले आठवते.

असे सावकाश उतरणे, म्हणजे उतरंडी, एका वेळी एका बाजूने तीन ते पाच पुरेत. पाच आकडे टिकेनासे झाले की त्या दिवसापुरते थांबा, कारण त्यानंतरची प्रत्येक उतरंड म्हणजे घसरण्याचा सराव ठरते. गुडघे छातीशी घेण्याचा आग्रह धरण्यामागेही कारण आहे. पाय सरळ आणि फाकवलेले असले की तरफेची भुजा लांब होते आणि पोटावर, मांड्यांच्या पुढच्या भागावर बराच जास्त भार येतो. दुमडलेल्या पायांनी तोच मार्ग बऱ्याच कमी कष्टांत होतो. चॉपर, म्हणजे सरळ, फाकवलेल्या पायांचा इन्व्हर्ट, दिसायला देखणा असतो खरा, पण तो दुमडलेल्या पायांच्या इन्व्हर्टनंतर यावा. अनेक वर्गांत हा क्रम उलटा शिकवला जातो आणि मला ते पटत नाही.

आता खांद्यांबद्दल, कारण तुमची अडचण पोटाच्या ताकदीची असेल असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. मी पाहिलेल्या बहुतेकींच्या बाबतीत पोट थकण्याच्या आधीच खांदे हरतात. पोलला लटकताना खांदे कानांपर्यंत चढू दिले, तर सगळे वजन सांध्यावर आणि कंडरांवर पडते आणि पाठीचे मोठे स्नायू नुसते बघत राहतात. याची परीक्षा सोपी आहे. डोक्याच्या वर पोल धरून किंवा आडव्या दांडीला लटकून, कोपर अजिबात न वाकवता, फक्त खांद्यांमागची पाती खाली आणि पाठीच्या कण्याकडे ओढा. शरीर जेमतेम दोन-तीन बोटे वर येईल आणि मान एकदम लांब झाल्यासारखी वाटेल. हे सलग आठ वेळा स्वच्छ करता येत नसेल, तर इन्व्हर्टच्या मागे लागण्याआधी एवढ्या एकाच गोष्टीवर तीन-चार आठवडे घालवा. क्लाइंब (पोलवर चढणे), मांड्यांनी पोल धरून बसणे, फिरकी घेणे, पुढे शोल्डर माउंट (पोल खांद्याला टेकवून उलटे होणे), या सगळ्यांची सुरुवात याच हालचालीने होते, आणि ती येत नसेल तर पुढची प्रत्येक करामत कोपरांच्या जिवावर केली जाते.

त्यावरून तुमच्या कोपराकडे येते. आतल्या बाजूचे दुखणे बहुधा मनगट वाकवणाऱ्या आणि मूठ आवळणाऱ्या स्नायूंच्या कंडरेचे असते. ते स्नायू कोपराच्या आतल्या हाडाला जोडलेले असतात आणि पोल घट्ट पकडून पकडून तिथे ताण साठत जातो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, पण कंडरेला तेवढेच बळ यायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे पहिल्या वर्षात नेमके असे होते की ताकद आल्यासारखी वाटते, माणूस जोर वाढवतो आणि कंडरा मागे राहते. मी चौथ्या महिन्यात हे दुखणे 'सगळ्यांनाच होते' म्हणून अंगावर काढले, आणि पुढे अशी वेळ आली की बाटलीचे झाकण फिरवतानाही कळ येऊ लागली. दहा आठवडे एकही फिरकी घेता आली नाही. म्हणून सांगते की दुखणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले असेल, रात्री ठणकत असेल किंवा करंगळीकडे मुंग्या येत असतील, तर फिजिओथेरपिस्टना दाखवा आणि तोपर्यंत वरच्या हाताने ओढणारी आणि खालच्या हाताने ढकलणारी पकड, म्हणजे स्प्लिट ग्रिप, पूर्ण बंद ठेवा. दुखणे नवे आणि सौम्य असेल तर मूठ वापरण्याचे प्रमाण कमी करा, हलक्या वजनाने मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करा, आणि हाताच्या वरच्या बाजूचे, म्हणजे मनगट उचलणारे स्नायूही कामाला लावा. पोलवर आपण सतत ओढतो, ढकलत फारसे नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा जोर काढणे माझ्या मते चैन नसून गरज आहे.

मूठ गरजेपेक्षा जास्त आवळली जाण्याचे एक कारण ताकदीशी संबंधित नसतेच. हात घसरतो, म्हणून आपण आवळतो, आणि आवळून थकलो की ताकद कमी पडली असे समजतो. बहुतेक स्टुडिओंतले पोल ४५ मिलिमीटर व्यासाचे आणि क्रोमचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असतात. त्यांवर कपडा टिकत नाही, कातडीच धरते. पोलसाठी आखूड चड्डी घालावी लागते ती यासाठी, त्याचा सजण्याशी काही संबंध नाही. वर्गाच्या दिवशी सकाळपासून हातापायांना तेल, क्रीम, मॉइश्चरायझर काहीही लावू नका. पोल आणि तळहात मधूनमधून पुसून कोरडे ठेवा. तळहातांना घाम फार येत असेल तर खडूची पूड किंवा द्रवरूप ग्रिप वापरण्यात कमीपणा नाही. मल्लखांब पाहिलेल्यांना इथे गंमत वाटेल, कारण तिथे लाकडाला एरंडेल चोळतात आणि इथे तेलाचा थेंबही चालत नाही. पोट, बगल आणि मांडी यांनी अंग धरून ठेवण्याचे तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच आहे. मांडीच्या आतल्या बाजूची कातडी पहिल्या काही आठवड्यांत चिमटा घेतल्यासारखी जळते, निळ्या खुणा उठतात, आणि मग ती हळूहळू सरावते. त्याच त्या जागेवर रोज बसून ती लवकर सरावत नाही, उलट सुजते. एक दिवस सोडून बसावे.

आठवडा कसा आखावा हे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण वर्ग वाढवू नका म्हटल्यावर हे सांगणे माझ्याकडे लागते. दोन वर्ग आहेत तसे ठेवा. त्यांच्या मधल्या दोन दिवशी वीस-पंचवीस मिनिटांचा स्वतंत्र सराव करा: आधी अंग चांगले गरम होईपर्यंत हालचाल, मग लटकून खांद्यांची पाती ओढणे, गुडघे छातीशी घेऊन पाच ते दहा सेकंद लटकून राहणे, जोर, आणि शेवटी पाय फाकवून जमिनीवर बसून, हात पुढे टेकवून, एकेक पाय जमिनीवरून वर उचलणे. हा शेवटचा प्रकार दिसतो किरकोळ, पण चॉपरसाठी लागणारी मांड्यांच्या मुळाशी असलेली ताकद याच्याइतकी दुसऱ्या कशाने येत नाही. उतरंडी मात्र वर्गातच करा, जाड चटई अंथरून आणि शिक्षिका शेजारी असताना. घरी पोल असला तरी उलटे होणे एकटीने करू नये. आठवड्यातून दोन दिवस संपूर्ण विश्रांती घ्या. जेवण पोटभर आणि पुरेशा प्रथिनांचे असावे. वजन उतरवून पोल सोपा करण्याच्या नादात ज्या अर्धपोटी राहिल्या, त्यांची प्रगती थांबलेलीच मी पाहिली.

आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक जण टाळते: डावी बाजू. उजवीकडे जमले की आनंदाच्या भरात उजवीकडेच पाच वेळा होते आणि डावीकडे 'पुढच्या वेळी' म्हणून राहून जाते. वर्षभराने एक खांदा वर, पाठ एका बाजूला भरलेली आणि एक कोपर दुखरे, असे चित्र तयार होते. तुमचे दुखणेही उजवेच आहे, हे लक्षात घ्या. सरावाची सुरुवात कच्च्या बाजूने करा आणि चांगल्या बाजूने तेवढेच करा, त्यापेक्षा एकही जास्त नको.

ज्या दोघी पुढे गेल्या त्यांच्याविषयी तुम्ही जरा लागून लिहिले आहे, ते मला कळते. त्यांतली एखादी आधी जिम्नॅस्टिक्स किंवा पोहणे केलेली असेल, एखादीचे हात धडाच्या मानाने लांब असतील, आणि एखादी तुमच्यासारखीच उडी मारून वर जात असेल पण वर्गाने ते चालवून घेतले असेल. तिसरा प्रकार मी फार पाहिला आहे, आणि त्यांपैकी बऱ्याच जणी आयेशा किंवा हँडस्प्रिंग या फक्त हातांच्या बळावर उलटे तोलून धरण्याच्या प्रकारांपाशी येऊन अडकतात, कारण तिथे उडी मारून निभावत नाही. तुमची तुलना करायचीच असेल तर महिन्यातून एकदा, त्याच कोनातून, त्याच तीन हालचालींचे चित्रण करा: खांद्यांची पाती ओढणे, पाच आकड्यांची उतरंड आणि क्लाइंब. दिवसागणिक फरक दिसत नाही, तीन महिन्यांच्या चित्रणांत तो नजरेत भरतो. वयाचा धसका घेऊ नका. ३४व्या वर्षी ताकद चांगली वाढते, फक्त दोन जड सरावांमध्ये थोडा अधिक अवकाश लागतो.

दोन्ही बाजूंनी, उडीशिवाय, दुमडलेल्या पायांचे तीन-तीन इन्व्हर्ट एकाच दिवशी सावकाश जमले की शिक्षिकेला ते करून दाखवा आणि बाहेरच्या, म्हणजे पोलपासून दूरच्या पायाचा लेग हँग (एका पायाने पोलला उलटे लटकणे) शिकवायला सांगा. तो शिकताना पोल गुडघ्याच्या खोबणीत नीट बसला आणि टाच कुल्ल्याकडे ओढलेली आहे याची खात्री होईपर्यंत हात सोडू नका. पहिल्या काही वेळा एकच हात सोडा, दुसरा पोलवर राहू द्या. क्लाइंब करून वर गेल्यावर हवेत उलटे होणे त्याच्याही नंतर.