लेव्हल 3 म्हणजे मनाने ठरवलेला आकडा का?

तुम्ही विचारलंय की वार्षिक अहवालाच्या नोट्समध्ये गुंतवणुकी लेव्हल 1, 2, 3 अशा विभागलेल्या दिसतात, तर लेव्हल 3 चा आकडा कंपनी मनाने ठरवते का, आणि ती गुंतवणूक जास्त जोखमीची समजायची का. दुसरा भाग आधी संपवतो: तसं समजू नका. लेव्हल जोखीम सांगत नाही, आकडा कशाच्या आधारावर काढला तेवढंच सांगते. रोज गटांगळ्या खाणारा लिस्टेड शेअर लेव्हल 1 मध्येच असतो. उलट वेळच्या वेळी व्याज देणारा, पण बाजारात कधीच हात न बदलणारा कर्जरोखा लेव्हल 3 मध्ये जाऊ शकतो.

या लेव्हल आयएफआरएस 13 या आंतरराष्ट्रीय लेखा मानकातून येतात आणि फेअर व्हॅल्यू (वाजवी मूल्य) कशाच्या आधारावर काढली ते सांगतात. हे मानक 2013 पासून लागू आहे. त्यानुसार मोजणीच्या तारखेला, घाईगडबड किंवा सक्ती नसताना, मालमत्ता विकली तर जी किंमत येईल ती फेअर व्हॅल्यू. खरेदी कितीला केली होती याला इथे महत्त्व नाही. दलाली वगैरे खर्चही त्यातून वजा करत नाहीत. ‘आम्ही हे दहा वर्षं विकणारच नाही’ हा युक्तिवाद गुंतवणूक हिशेबात कोणत्या पद्धतीने मोजायची हे ठरवताना कामाला येतो, फेअर व्हॅल्यू मोजताना नाही.

लेव्हल 1 मध्ये डोकं चालवायला जागाच नसते. चालू बाजारातला भाव गुणिले संख्या, विषय संपला. कंपनीकडे 10 लाख शेअर आहेत, भाव 250, तर मूल्य 25 कोटी. त्या शेअरची रोजची उलाढाल जेमतेम 40 हजार शेअरची असेल आणि एवढा गठ्ठा विकायला काढल्यावर भाव पडणार हे उघड दिसत असेल, तरी त्यासाठी सूट घ्यायला मानक परवानगी देत नाही. म्हणजे ‘सगळ्यात भरवशाचा’ आकडाही प्रत्यक्ष हातात पडेलच असं नाही.

खरी गंमत पुढे आहे. समजा 100 दर्शनी किमतीचा, वर्षाला 8 टक्के व्याज देणारा रोखा आहे, मुदत संपायला 3 वर्षं आहेत आणि व्यवहार होत नाहीत. सरकारी रोख्यांचा तेवढ्याच मुदतीचा परतावा 6.5 टक्के. त्यावर कंपनीच्या पतजोखमीपोटी 2.5 टक्के धरले की दर झाला 9 टक्के. येणारं व्याज आणि मुद्दल या दराने आजच्या किमतीत आणलं की 97.47 येतात. हेच पतजोखमीचे 2.5 टक्के साडेतीन केले की 95.03. बाकी सगळं जसंच्या तसं! आता हे अडीच टक्के तशाच पतीच्या इतर रोख्यांच्या व्यवहारांवरून दिसत असतील तर रोखा लेव्हल 2 मध्ये. कंपनीने स्वतः अंदाजाने धरले असतील आणि त्यांचा परिणाम लक्षणीय असेल, तर संपूर्ण रोखा लेव्हल 3 मध्ये. लेव्हल ठरते ती सगळ्यात कच्च्या, पण महत्त्वाच्या इनपुटवरून, म्हणजे मोजणीत वापरलेल्या आकड्यावरून.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अंदाज असतो, मनमानी चालत नाही. बाजारातला खरेदीदार जे गृहीत धरेल तेच कंपनीने धरायचं असतं. तरीही ओढाताण करायला वाव राहतो, हे मान्य. विशेषतः अनलिस्टेड शेअरमध्ये. तिथे एक सोय फार वापरली जाते: शेवटच्या फंडिंग राउंडचा (गुंतवणूकदारांकडून पैसे उभारण्याच्या फेरीचा) भाव घ्यायचा आणि सगळ्या शेअरना लावायचा. पण त्या राउंडमध्ये दिलेले शेअर बहुतेकदा प्रेफरन्स प्रकारचे असतात, कंपनी विकली गेली तर आधी पैसे मिळण्याचा हक्क त्यांना असतो. साध्या शेअरना तो हक्क नसतो, मग भाव तोच कसा? असा आकडा दिसला की मी लगेच शंका घेतो.

नोट वाचताना एकूण रकमेवर अडकू नका. लेव्हल 3 ची सुरुवातीची आणि अखेरची शिल्लक जुळवणारा तक्ता काढा. त्यात खरेदी, विक्री, नफा-तोटा आणि लेव्हल बदलून आत आलेल्या किंवा बाहेर गेलेल्या मालमत्ता वेगळ्या दाखवलेल्या असतात. न विकताच दाखवलेला नफा किती, तेही तिथेच द्यावं लागतं. शेजारी संवेदनशीलतेची नोट असते: दर किंवा पटीचं (कमाईच्या किती पट किंमत धरायची त्याचं) गृहीतक थोडं हललं तर मूल्य किती हलेल. त्यात कंपनीने धरलेला कमी-जास्तीचा पट्टा संशयास्पदरीत्या अरुंद वाटला तर लाल पेन काढा. आणि पुढच्या वर्षी त्यातलं काही विकलं गेलं, तर मिळालेली रक्कम आदल्या वर्षीच्या फेअर व्हॅल्यूशेजारी मांडून बघा. दोन-तीन वर्षं सलग विक्री कमीच भावाने होत असेल, तर उरलेल्या लेव्हल 3 वरही मी तेवढीच कात्री लावून हिशेब करतो.