पूर्ण एक मिनिट

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री वाचला. नर्सिंगला प्रवेश मिळाला, गणवेश शिवायला टाकला, शरीररचनेचं पुस्तक आत्तापासूनच उघडून बसलीस, स्टेथोस्कोप निळा घ्यावा की काळा... सगळं एका दमात लिहिलंयस. वाचून फार बरं वाटलं. पण मी अडकले ती तुझ्या शेवटच्या ओळीशी. पुढच्या वर्गातली एक मुलगी तुला म्हणाली, "रेस्पिरेशन कोण मोजत बसतं? सोळा, अठरा, काहीतरी टाकून द्यायचं." म्हणजे पेशंटचे श्वास न मोजताच आकडा लिहायचा. आणि तू विचारतेस, हे खरं आहे का?

खरं आहे. पुष्कळ ठिकाणी असंच चालतं. म्हणून तर बाकीचं बाजूला ठेवून हे पत्र लिहायला घेतलं.

स्टेथोस्कोप कुठल्याही रंगाचा घे. त्याआधी सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घे, गणवेशाला अडकवायचं. आणि आजपासून एक गोष्ट धर: जे स्वतः मोजलं नाही, ते लिहायचं नाही. रक्त बघून चक्कर येईल का, असंही विचारलंयस. येईल कदाचित. आली तर खाली बसायचं, बरं वाटलं की उठायचं. त्याची सवय होते. न मोजता लिहिण्याचीही होते, मला धास्ती तिची आहे.

श्वास कसा मोजायचा ते तुला शिकवतीलच, तरी माझ्याकडून ऐक. आधी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोज. मग बोटं तिथेच राहू देत आणि नजर छातीकडे ने. पेशंटला वाटलं पाहिजे की तू अजून नाडीच बघतेयस, कारण 'आता श्वास मोजते' म्हटलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. पांघरुणामुळे छाती दिसत नसेल तर त्याचा हात त्याच्याच छातीवर आडवा ठेव आणि मनगट धरून राहा. हात वर गेला, खाली आला, की एक. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस. एक श्वास हुकला तर चारचा फरक पडतो, आणि मोठ्या माणसाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला १२ ते २० असतो, त्यात चार म्हणजे फार झाले. शिवाय काही पेशंटचा श्वास हळूहळू खोल होतो, पुन्हा उथळ होतो आणि मग चक्क थांबतो. ही थांबलेली जागा पंधरा सेकंदांत सापडायची नाही.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन बघायच्या ऑक्सिमीटरवर तर मुळीच विसंबू नकोस. तो ९६ दाखवत असतो, आणि ते ९६ टिकवायला तो माणूस मिनिटाला तीस श्वास ओढत असतो. यंत्रावरचा आकडा पडेपर्यंत तो दमून गेलेला असतो. श्वास आधी सांगतो. नाडी, बीपी, ताप यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. श्वासासाठी तिथे कुणीतरी मिनिटभर उभं राहावं लागतं.

आता माझं सांगते. त्या वॉर्डात रात्रपाळीला मी होते आणि मदतीला एक शिकाऊ मुलगी. पेशंट ३५. खिडकीजवळच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेले एक गृहस्थ, दुसरा दिवस. त्यांच्या चार्टवर श्वासाच्या रकान्यात २०, २०, २०, २०. चार वेगळी अक्षरं, दोन वेगळ्या शाया, आकडा एकच. रात्री दहाला मी त्यांचं बीपी घेतलं, नाडी घेतली, ताप बघितला. त्यांनी विचारलं, "सिस्टर, खिडकी जरा उघडता का?" मी खिडकी उघडली आणि पाचवे २० लिहिले. मोजले नव्हते.

पहाटे पाचला ते खाटेच्या कडेला बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत वर चढलेले. बोलताना एकेक शब्दावर थांबत होते. तेव्हा मोजले, ३८. मग धावपळ, डॉक्टर, ऑक्सिजन, अतिदक्षता विभाग. फुप्फुसात संसर्ग पसरला होता. तिसऱ्या दिवशी ते गेले.

मला कुणी एक शब्दही बोललं नाही. केसपेपर तपासला गेला, रात्री दहाला श्वास २०, सगळं ठीक. माझ्या त्या खोट्या विसाने मला वाचवलं. दहा वाजताच मोजलं असतं तर ते जगले असते का, हे कुणी सांगू शकत नाही. पण खिडकी त्यांनी का उघडायला लावली, हे मला दहा वाजताच कळलं असतं.

३५ पेशंट होते, सिस्टर मी एकटीच होते, हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खोटं नाही, आणि माणसं कमी ठेवणाऱ्यांना त्याचा जाब विचारायलाच हवा. पण मोजायला वेळ नव्हता तर रकाना रिकामा ठेवता आला असता. रिकामा रकाना बघून पुढची सिस्टर मोजते. भरलेला बघून कुणी मोजत नाही. हे नीट वाच, बाळा, परत वाच. न मोजता लिहिलेला आकडा पुढच्या प्रत्येकाचे डोळे बंद करतो.

त्यानंतर मी हट्टी झाले. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्ड ताब्यात घेताना, चार्टवर श्वास एकसारखे दिसले की मी खाटेपाशी जाऊन पुन्हा मोजायची आणि तोवर सही करायची नाही. दिवसपाळीच्या बायका घरी जायला खोळंबायच्या. माझ्यामागे बोलायच्या, तोंडावरही बोलायच्या. वॉर्डाची इन्चार्ज करायची वेळ आली तेव्हा माझं नाव मागे पडलं, 'हिचं कुणाशी जमत नाही' म्हणून. तेव्हा लागलं होतं मनाला. तरी मी चुकले असं मला आजही वाटत नाही. एका विद्यार्थिनीला मात्र मी सगळ्या वॉर्डासमोर केसपेपर आपटून बोलले. ती रडली, आणि नंतर आमच्या वॉर्डात पुन्हा आली नाही. मुद्दा माझाच बरोबर होता. पण तिला खाटेपाशी नेऊन, तिचा हात धरून एक मिनिट मोजून दाखवलं असतं तर ती शिकली असती. ते केलं नाही, याची खंत आहे. म्हणून आज तुला एवढं सविस्तर लिहितेय, कंटाळू नकोस.

शपथविधीला हातात दिवा देतील कदाचित. डोळे भरून येतात त्या दिवशी, येऊ देत. पण तो दिवा कशाचा, ते लक्षात ठेव. क्रिमियन युद्धात, १८५४ साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. तिच्या हातात चित्रात दाखवतात तसली दिवटी नव्हती, तुर्की धाटणीचा घडीचा कंदील होता. रात्री खाटांमधून फिरताना माणूस दिसावा म्हणून तो होता. परत आल्यावर तिने मृत्यूंचे आकडे मांडून १८५८ मध्ये आकृती काढून दाखवली, की सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले. लंडनमधली तिची नर्सिंगची शाळा १८६० ची, म्हणजे त्यानंतरची. आधी बघणं, मोजणं, खरं लिहिणं. तू ज्या वाटेवर निघालीयस तिची सुरुवात तिथे आहे.

त्या पुढच्या वर्गातल्या मुलीशी भांडू नकोस. तिलाही कुणीतरी तसंच शिकवलंय. तुझ्या चार्टवर १७ येईल, २३ येईल, १४ येईल, तेव्हा ती स्वतःच विचारेल.

आज रात्री घरात कुणी झोपलेलं असेल, त्याच्या उशाशी बस. दिवा मंद ठेव, घड्याळ समोर धर. पूर्ण एक मिनिट. किती आले ते मला कळव, मोजल्याची वेळही लिही.

तुझी,
सिस्टर