बाजार दाखवायला गाईड घ्यावा का?

प्रश्न: ताई, डिसेंबरात पुण्याहून नणंद आणि तिची कॉलेजातली दोन मुलं येतायत. त्यांना गोव्यातलं 'फ्ली मार्केट' बघायचंय आणि तेही लोकल गाईड घेऊन. मी फोंड्याची, मला तर नुसता म्हापशाचा शुक्रवार माहितीये. गाईडला पैसे द्यावेत का, आणि न्यायचं कुठे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: अहो, "नुसता" का म्हणता, गोव्यातला सगळ्यात भरलेला बाजार तोच आहे! फ्ली मार्केट म्हणून पाहुणे जे विचारतात ते अंजुणाचं, दर बुधवारी, समुद्राला लागून, आणि ते साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पावसात बंद. सत्तरच्या दशकात हिप्पी लोक मुक्काम वाढवायला आपल्याजवळचं सामान विकायचे तिथून ते सुरू झालं, आता तिथे लमाणी बायकांचं भरतकाम, काश्मिरी शाली, तिबेटी दागिने असं देशभरातलं सगळं दिसतं. मुलांना आवडेल, जरूर न्या, घासाघीस तिथे चालतेच, विकणारे तयारीनेच दर सांगतात.

पण गोवा दाखवायचा असेल तर शुक्रवारी म्हापसा, आणि सकाळी लवकर, दुपार झाली की गावातून आलेल्या बायका घरी परतायला लागतात आणि उरतात ती रोजची दुकानं. बाहेरच्या माणसाला तिथे सोबत लागते ती रस्ता चुकेल म्हणून नव्हे, समोर काय आहे ते कळत नाही म्हणून. मयड्याची जाड केळी बघून पुण्याचा माणूस लगेच सोलून खाईल, आणि इथे ती शिजवून, फिगाद म्हणजे केळ्याचा हलवा करून खातात. मिरच्यांच्या राशी सगळ्या लालच दिसतात, पण हरमलची वेगळी आणि काणकोणची खोला वेगळी, दोघींना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि कुठली रंगाला नि कुठली तिखटाला घ्यायची हे ज्याच्या घरी हुमण, म्हणजे माशांची आमटी, रोज होतं त्यालाच विचारावं. माडाचा काळा गूळ, माडाचं व्हिनेगर, चवरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा, भिंडाची सोलां म्हणजे आमसुलं, मातीची कुंडली म्हणजे भांडी, आदोळ्या म्हणजे विळ्या... उन्हाळ्यात आलात तर पुरुमेंताची गर्दी, खारे बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, गालमो म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, पावसाळ्याची बेगमी म्हणून घरोघर जे भरलं जातं ते सगळं एका ओळीत मांडलेलं.

आता गाईडचं. पैसे देऊन घेणार असाल तर पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का ते आधी विचारा, गोव्यात गाईडची नोंदणी 1982 च्या कायद्याने लागते, त्यात लाजायचं काही नाही. दुसरं विचारा की "तुम्ही घरचा बाजार कुठून करता?" उत्तर अडखळत आलं तर तो माणूस तुम्हाला ठरलेल्या दुकानांतच फिरवणार, कमिशन तुमच्याच बिलातून जातं. खरं सांगू का, तुमच्या ओळखीतली म्हापशाची एखादी काकी, जी दर शुक्रवारी पिशवी घेऊन जाते, तिला विनंती करा, तिच्यासारखा गाईड नाही. विकणाऱ्या बाईला ती नावाने हाक मारते, त्या बाईच्या मुलीचं लग्न झालं का विचारते, आणि मग टोपलीच्या तळचं चांगलं फळ आपोआप वर येतं. तिचा वेळ मात्र फुकट समजू नका, तिचं सामान मुलांनी उचलावं आणि नंतर जेवण तुमच्याकडून.

दोन गोष्टी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. फोटो विचारून काढायचा, त्या बायका तिथे पोटासाठी बसतात. आणि परसातल्या भाजीचे चार वाटे घेऊन बसलेल्या म्हातारीशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालायची नाही. याबाबत मी कडकच आहे.

प्रश्न: ताई, मला पोर्तुगीज काळातली नाणी जमवायचा नाद आहे. अशा बाजारात खरी मिळतात का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: मिळतात, पण नकलीही तितक्याच सहज मिळतात. एवढं पक्कं ठेवा: 1958 पर्यंत इथे रुपिया होता, त्यानंतर एस्कुदो आला आणि तोही 1961 पर्यंतच. त्यामुळे कुणी 1940 सालचा 'गोव्याचा एस्कुदो' दाखवला तर पुढे चला. नाणं घासून चकचकीत केलेलं असेल तर घेऊ नका, आणि तुम्हीही घरी चिंच लावून घासू नका, जाणकार अशा नाण्याची किंमत कमीच धरतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो, ती परदेशी नेता येत नाही, त्यामुळे दुबईच्या भावाला भेट द्यायचा विचार असेल तर तो सोडा. पहिली दोन-तीन नाणी तरी जुन्या संग्राहकाला सोबत नेऊनच घ्या.