झाबुआ-आलीराजपूरकडच्या आरोग्य केंद्रांवर माणसं टिकत का नाहीत? भाचीनं सीएचओ म्हणून तिकडं जावं का?

तुमचे प्रश्न खरं तर दोन आहेत. बाँड झाला (म्हणजे शिकून झाल्यावर ठरावीक काळ सरकारी नोकरीची सक्ती), जादा भत्ता झाला, तरी आदिवासी भागातली पदं रिकामी का राहतात, हा एक. आणि इंदुरात बीएस्सी नर्सिंग केलेल्या तुमच्या भाचीला मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात सीएचओचं, म्हणजे उपकेंद्रावरच्या सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्याचं, पद मिळतंय, घरचे नको म्हणतायत, तर तिनं जावं का, हा दुसरा. मी इंदुरातच वर्षानुवर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवत आले, त्याआधी वॉर्डात होते. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली आज धार, झाबुआ, आलीराजपूर, बडवानीला आहेत. त्यांच्याकडं पाहून मला वाटतं ते असं, की तिथं गेलेलं माणूस एकटं पडलं की परत येतं, पाठीशी कुणी असलं की राहतं. पगाराचा नंबर त्यानंतर लागतो.

आधी डॉक्टरांचं सांगते. सामुदायिक आरोग्य केंद्रावर नियमानं चार तज्ज्ञ हवेत: सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीत देशभरातल्या ग्रामीण सामुदायिक केंद्रांवर तज्ज्ञांची तूट ८० टक्क्यांच्या आसपास होती. लोक म्हणतात, डॉक्टरांना शहर सोडवत नाही. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण स्त्रीरोगतज्ज्ञ नेमली आणि भूल देणारं कुणी नाही, रक्तसाठ्याची सोय नाही, तर अडलेली बाळंतीण आल्यावर ती काय करणार? चिठ्ठी लिहून इंदूरला एमवाय या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवणार. रोज हेच करायचं तर इतकी वर्षं शिकले कशाला, असं तिला वाटतं आणि ती बदली मागते. मी तिला दोष देत नाही. एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचं आणि तातडीच्या बाळंतपणाचं काही महिन्यांचं प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना आहे, आणि ती चांगली आहे. पण भूल शिकलेला एका केंद्रावर आणि सिझेरियन शिकलेली दुसऱ्या केंद्रावर अशी नेमणूक झाली, की दोघांचंही शिकणं वाया. नेमणूक जोडीनं, तुकडीनं व्हायला हवी. बाँडवर आलेला मुलगा तर पीजीच्या परीक्षेची पुस्तकं घेऊनच येतो. वर्ष संपायची वाट पाहणाऱ्याकडून गावानं किती अपेक्षा ठेवायची?

मग टिकतं कोण? त्या भागातलं माणूस. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हेच सांगितलंय: ग्रामीण भागातली मुलं-मुली निवडा, शिकवायची सोय मोठ्या शहरांबाहेर करा, शिकतानाच त्यांना गावात काम करू द्या. आपल्याला हे नवं नाही. डॉ. आरोळे दांपत्यानं १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवून तयार केलं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या कामात नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, त्याच पद्धतीनं बाळंतिणीच्या घरी जातात.

‘त्या भागातलं’ याचा अर्थ काय, ते माझ्या वर्गात मला नेहमी दिसायचं. लसीकरण सत्रांचं महिन्याचं नियोजन करायला दिलं, की शहरातल्या मुली लोकसंख्या घेऊन भागाकार करत बसायच्या. आलीराजपूरकडची मुलगी आधी विचारायची, “मॅडम, हाट कुठल्या वारी असतो?” कारण हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या, दिवशी घरात कुणी नसतं. भिल्लांचं गाव म्हणजे एकत्र वस्ती नसते. फळियात, म्हणजे छोट्या पाड्यांत, विखुरलेली घरं, एकेक टेकडीवर एकेक. डोंगरी-आदिवासी भागात ३००० लोकांमागं एक उपकेंद्र हा नियम कागदावर पुरेसा वाटतो, पण लसीचा डबा खांद्याला अडकवून दोन फळियांमधलं अंतर चालायचं असतं तेव्हा तो पुरत नाही. दिवाळीनंतर अर्धं गाव मजुरीला गुजरातेत जातं, होळीआधीच्या भगोरियाच्या सणाला परततं. कुठल्या बाळाचा डोस तिकडं राहून गेला, हे रजिस्टरमध्ये शोधत बसण्यापेक्षा त्या पोरीला तोंडपाठ असतं. आणि ती भिलालीत, तिथल्या बोलीत, बोलते. पोटातलं दुखणं हिंदीत सांगताना जी बाई अर्धं गाळते, ती हिच्यापाशी सगळं सांगते.

पण ही मुलगी नर्सिंगच्या वर्गापर्यंत पोचते का? २०११ च्या जनगणनेत आलीराजपूर हा देशातला सर्वांत कमी साक्षरतेचा जिल्हा होता. बीएस्सी नर्सिंगला बारावी विज्ञान लागतं, आणि तिकडच्या किती शाळांत मुलींना विज्ञान मिळतं? मिळालं तरी पुढं इंदूरचं होस्टेल, खासगी कॉलेजची फी, उशिरा येणारी शिष्यवृत्ती आणि सगळी पुस्तकं इंग्रजीत. हुशार मुली पहिल्याच वर्षी इंग्रजीला घाबरून घरी जाताना मी पाहिल्यात, आणि ते आजही मला खुपतं. आमच्या राज्यानं २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं काढली, त्यावर पुष्कळ वाद झाला. मला विचाराल तर नर्सिंगला त्याची गरज जास्त आहे. रतलाम आणि खंडव्याला २०१८ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं निघाली, ही दिशा बरोबर आहे. झाबुआ-आलीराजपूरला त्याच तोलाची, नीट शिक्षक असलेली नर्सिंगची कॉलेजं हवीत, आणि त्यासाठी आधी अकरावी-बारावीचं विज्ञान हवं. आरोग्य खातं आणि शिक्षण खातं वेगवेगळ्या इमारतींत बसतात म्हणून हे राहून जातं.

आशांबद्दल इथं फार लिहीत नाही, पण एवढं म्हणेन की सगळा डोलारा ज्यांच्यावर उभा आहे त्यांना पगार नाही, थोडं ठरावीक मानधन आणि बाकी कामागणिक पैसे आहेत. गरोदरपणाच्या तपासण्या करवून बाळंतपण दवाखान्यात नेलं की ग्रामीण भागात जननी सुरक्षा योजनेतून एकूण ६०० रुपये. रात्री दोनला उठून जाणाऱ्या बाईची ही किंमत मला कधीच पटलेली नाही.

आता तुमची भाची. ती तिथली नाही, मराठी घरातली इंदूरची मुलगी आहे. तरी तिनं जावं असं मला वाटतं. सीएचओचं काम खरोखर नर्सच्या बुद्धीला वाव देणारं आहे. उपकेंद्रावर ती प्रमुख असते: बीपी-साखरेचे रुग्ण शोधून त्यांचं औषध चालू ठेवणं, गरोदर बाईतली जोखीम वेळेत ओळखणं, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरशी बोलणं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार तर त्या पट्ट्यातला मोठा आजार. २०२३ मध्ये त्याची राष्ट्रीय मोहीम आमच्याच राज्यातून, शहडोलहून सुरू झाली. सांधे दुखतात म्हणून वारंवार येणाऱ्या पोराची सिकलसेलसाठी तपासणी करायला हवी, हे ओळखणारी एक सीएचओ त्या घराची कित्येक वर्षांची वणवण वाचवते. भाषा सहा महिन्यांत कानावर बसते, फक्त आशांसोबत घरोघर फिरायला हवं, खुर्चीत बसून ती येत नाही.

मात्र नोकरी संविदेची, म्हणजे कंत्राटी, आहे, हे घरच्यांनी समजून घ्यावं. आणि रुजू होण्याआधी तिला घेऊन एकदा स्वतः जाऊन या. गंगवाल स्टँडवरून गाड्या आहेत. क्वार्टरला आतून कडी लागते का, पाणी कुठून येतं, संडास चालू आहे का, ते हातानं उघडून बघा. माझी एक विद्यार्थिनी कामाला वाघीण होती, पण राहायच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. तिनं वारंवार अर्ज केले, कुणी लक्ष दिलं नाही, शेवटी ती सोडून आली. तिथली एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्सताई, किती वर्षं आहे आणि आशांचं तिच्याशी कसं आहे, हे चहा पिता पिता कळतं. १०८ ला फोन केल्यावर रुग्णवाहिका किती वेळात येते, ते तिलाच विचारा. रात्री अडचण आली तर ब्लॉकमधल्या कुठल्या डॉक्टरला फोन लावायचा आणि तो उचलतो का, हेही.

क्वार्टर आणि एएनएम या दोन गोष्टी ठीक वाटल्या, तर बिनधास्त पाठवा. नसतील, तर त्याच ब्लॉकमधलं दुसरं केंद्र मागून बघा. रुजू होण्यापूर्वी जागा बदलून मागणं नंतरच्या बदलीपेक्षा पुष्कळ सोपं जातं.